सासऱ्याची सायकल आणि लियाँचा दंतवैद्य

रेजिस बादिनाँला सायकलीबद्दल काही विचारू नये, आणि विचारायचंच असेल तर आधी बसायला जागा बघून ठेवावी, असा आमच्या सेंत-एत्येनमध्ये शिरस्ता आहे. मागे एकदा नवा पोस्टमन त्याच्या दारात सहज म्हणून गेला, "पुढचं चाक जरा कुरकुरतंय." त्या गल्लीला सकाळचं टपाल दिवेलागणीला मिळालं. पोस्टमन अंगणात पालथ्या सायकलीशेजारी उकिडवा बसला होता आणि रेजिस त्याला चाकातल्या छऱ्यांच्या स्वभावाविषयी सांगत होता. छऱ्यांनाही स्वभाव असतो. आम्हाला माहीत आहे, कारण त्यावर रेजिसने आठ पानी लेख लिहिला होता आणि आम्ही तो वाचला होता. दोनदा.

आम्ही म्हणजे 'म्वायो'चे वर्गणीदार. 'म्वायो' हे रेजिसचं त्रैमासिक. जुन्या, हाताने घडवलेल्या सायकलींची रचना आणि त्यांच्या प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्या, याखेरीज त्यात दुसरं अक्षर नसतं. आम्ही सगळे वर्गणीदार दोन बसगाड्यांत सहज मावलो असतो, पण आमच्यातला एकही जण बसने जात नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोट शिरावं की अंगठा, यावरून आमच्यातल्या दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं आहे. ते एकमेकांना जे काही सुनावायचं ते 'म्वायो'च्या पत्रव्यवहारातून सुनावतात.

म्वायो म्हणजे चाकाचा मधला तुंबा. पहिल्या अंकात रेजिसने मोठ्या झोकात लिहिलं होतं, "सगळं चाक फिरतं, पण तुंबा जागचा हलत नाही. आम्हीही हलणार नाही." लगेच रोआनहून एका वर्गणीदाराचं पत्र आलं, "संपादक महाशय, तुंबासुद्धा फिरतो. फिरत नाही तो आस. तुमच्या त्रैमासिकाचं नावच चुकलं आहे." रेजिसने ते पत्र चौकटीत छापलं आणि खाली लिहिलं, "वाचकांचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्या अंकापासूनच चुकायला लागलो आहोत, तेव्हा आता सवय मोडू नये." नाव तेच राहिलं, आणि चूक दाखवली की छापायची, हा नियमही तिथूनच पडला. त्रैमासिकाचा तो एकच नियम. बाकी सगळी मतं होती.

रेजिस मूळचा फितींच्या कारखान्यातला नक्षीकार. फितींवरची फुलं काढता काढता तो फिर्मां पेराश यांच्या मुलीच्या, सोलांजच्या, प्रेमात पडला. फिर्मां पेराश म्हणजे सायकल घडवणारा माणूस. अंगणामागच्या खोलीत एकटे बसून नळ्या कापायचे, जोडायचे, कानशीने घासायचे. वर्षाला जेमतेम चार-पाच सायकली, पण बघणाऱ्याने टोपी काढावी अशा. रेजिस मागणी घालायला गेला तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. विजारीच्या खालून दिसणाऱ्या पोटऱ्या न्याहाळल्या आणि सुस्कारा सोडला.

"या पायांना पेडलपाशी तीन दातेरी चकत्या लागतील," ते म्हणाले. "चढासाठीची सगळ्यात लहान चकती तर मला मुद्दाम बनवावी लागेल."

एवढंच बोलणं. ती मागणीला संमती होती हे रेजिसला दोन दिवसांनी सोलांजने समजावून सांगितलं. लग्नात हिरवी सायकल मिळाली. तीन चकत्यांची. सगळ्यात लहान चकती बशीपेक्षा लहान होती, आणि रेजिस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः दाखवायचा. "सासऱ्याने माझी किंमत दातांत मोजून दिली आहे," म्हणायचा.

फिर्मां गेले, पुढे कारखानाही बंद पडला, आणि रेजिसने 'म्वायो' काढला. तो का काढला, हे तो कुणाला सांगत नसे. पण सोलांजला माहीत होतं. वडील गेल्यावर त्यांची खोली एका कुलूपवाल्याने भाड्याने घेतली होती, आणि गावात नवी पोरं विचारायची, "पेराश? कोण पेराश?" हे पहिल्यांदा कानावर आलं त्या रात्री सोलांज जेवली नव्हती. नुसतं सूप ढवळत बसली होती.

आता चाचणीविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

पिला डोंगरात बेसा गावाच्या खाली एक जवळजवळ सरळ, एकाच वळणाचा उतार आहे आणि तो संपतो तिथे लगेच समोर चढ लागतो. वरून सायकल सोडायची. पेडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, नाक घंटीला टेकवून गप्प बसायचं. सायकल खाली येते, समोरच्या चढावर चढते, दमते, आणि जिथे पाय टेकावा लागतो तिथे सोलांज रस्त्यावर खडूने रेघ ओढते. जिची रेघ पुढे ती सायकल चांगली. वारा आहे की नाही हे बघायला मैलाच्या दगडाला सोलांजच्या विणकामातला लोकरीचा धागा बांधलेला असे. धागा सरळ लोंबेपर्यंत रेजिस निघत नसे. सगळ्या सायकलींचं वजन सारखं असावं म्हणून खाटकाच्या काट्यावर त्या तोलून हलकीला मासेमारीची शिशाची वजनं बांधायची. तेच कपडे, तोच स्वार, तीच टोपी. इतकी काटेकोर चाचणी पॅरिसमध्येसुद्धा होत नाही, असं आम्ही छाती फुगवून सांगत असू.

उताराच्या माथ्यावर क्लोतिल्दबाईंची खानावळ. सकाळी पहिली फेरी त्यांची चूल पेटायच्या आत व्हायची. मग रेजिस धापा टाकत ती सायकल परत वर आणायचा, आणि क्लोतिल्दबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. त्यांच्या दारावरून न जेवता जाणं म्हणजे त्यांच्या आईचा अपमान करण्यासारखं. किसलेल्या बटाट्याची जाड, कडेने कुरकुरीत धिरडी, ज्यांना आम्ही रापे म्हणतो, ती तव्यावरून थेट ताटात पडायची. बरोबर लसूण आणि पात घातलेला चक्का, सॉसेज, तांबडी वाइन. ते आटोपलं की दुसरी फेरी, आणि दुसरी फेरी नेहमी पेराशची. हा मानाचा प्रश्न होता. नवरदेवाच्या आधी वऱ्हाड निघतं तसं.

आणि पेराश नेहमी जिंकायची. समोर इटलीची असो की पॅरिसची, हिरव्या सायकलीची रेघ दोन-चार पावलं पुढेच. रेजिस त्यावर लिहायचा तेव्हा पानं भिजून जायची. नळ्यांची लवचिकता, जोडांतला श्वास, सांध्यांतल्या पितळेचं मन. आम्ही ते वाचून मान डोलवायचो. सोलांज प्रत्येक अंक टंकलिखित करायची आणि वडिलांचं नाव आलं की ते एकदा मनात म्हणून मगच टंकायची.

तर त्या वर्षी फिर्मां पेराश यांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. रेजिसने खास अंक जाहीर केला. मुखपृष्ठावर हिरवी सायकल, आत शेवटची, निर्णायक चाचणी. प्रतिस्पर्धी कोण? तर लियाँच्या एका दंतवैद्याची कारखान्यात बनलेली नवीकोरी अ‍ॅल्युमिनियमची सायकल. दंतवैद्य आमचाच वर्गणीदार. त्याने सायकल पाठवताना चिठ्ठी जोडली होती, "माझीही एकदा हरवून टाका, म्हणजे नवी घ्यायला निमित्त मिळेल." सेंत-एत्येनच्या माणसाने पॅरिसपुढे हरावं, इटलीपुढे हरावं, पावसापुढे हरावं, पण लियाँपुढे? आमच्याकडे पोरं चालायला शिकण्याआधी हे शिकतात.

"वडिलांचा अंक आहे," रेजिस सोलांजला म्हणाला. "असा काढतो की कुलूपवालासुद्धा खोली रिकामी करून देईल."

"आधी दंतवैद्याला हरव," सोलांज म्हणाली. पण तिने त्या दिवशी खडूचा नवा डबा आणला.

रविवारी दोघं डोंगरात पोचली तर खानावळीला कुलूप. क्लोतिल्दबाई बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ल पुई गावी गेल्या होत्या. रेजिस हळहळला, पण धागा सरळ लोंबत होता. दंतवैद्याची सायकल सुटली. रेघ पडली. रेजिस घामाघूम होऊन वर गेला, कुलपाकडे बघून उसासा टाकला आणि पेराशवर बसला. नाक घंटीला. पोटात कावळे.

हिरवी सायकल खाली आली, चढाला लागली, आणि लियाँच्या रेघेच्या हातभर अलीकडे दमली.

सोलांजने रेघ ओढली. खडू एप्रनच्या खिशात टाकला. तो खिशातच फिरवत राहिली. सूप ढवळत होती तेव्हासारखीच.

तो आठवडा रेजिसच्या घरात जेवायला टेबल नव्हतं. टेबलावर पेराश होती, सुटी सुटी. त्याने छरे एकेक करून भिंगाखाली पाहिले. ग्रीस बदललं. जुनं ग्रीस परत घातलं. टायरमध्ये घरातली हवा भरली आहे आणि डोंगरातली भरायला हवी होती, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला; तो त्याने नंतर स्वतःच छापला म्हणून आम्हाला कळला.

"साखळीत ओल शिरली असेल," तो म्हणाला.

"पेडल मारायचंच नाही तर साखळीचा काय संबंध?" सोलांज मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"मग माझी टोपी. टोपी जुनी झाली, हवा अडते."

"टोपी दोन्ही फेऱ्यांना तीच होती."

"तू माझ्या बाजूने आहेस की दंतवैद्याच्या?"

"मी उभ्याने जेवत नाहीये एवढंच माझ्या बाजूने आहे. छरे उचल, मला चीज कापायचंय."

छापखान्यातून रोज निरोप येत होता. मुखपृष्ठ तयार होतं, आतली जागा कोरी होती. रेजिसच्या जिवाला एकच घोर. ही हार छापायची म्हणजे सासऱ्याच्या शंभरीला त्यांच्याच लेकीच्या हाताने लियाँचा जयजयकार टंकून घ्यायचा. न छापायची म्हणजे रोआनच्या त्या पहिल्या पत्रापासून पाळलेलं सगळं मोडायचं. एका रेघेवरून शहाण्या माणसाने हार मानू नये, असं शेवटी त्याने ठरवलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा डोंगर गाठला.

या वेळी खानावळीतून धूर निघत होता.

पहिली फेरी दंतवैद्याची. रेघ गेल्या रविवारच्या पुसट रेघेला जवळजवळ चिकटूनच पडली. रेजिस वर गेला. क्लोतिल्दबाई दारातच.

"बादिनाँ साहेब! गेल्या रविवारी उपाशी गेलात म्हणे. लोक काय म्हणतील मला?"

"तुमच्या बहिणीचा गुडघा कसा आहे?"

"गुडघा गेला खड्ड्यात, आधी बसा. गेल्या वेळचंही जेवायचं आहे."

रेजिस दोन रविवारचं जेवला. रापेवर रापे. चक्का संपला तर दुसरा आला. उठताना त्याने नेहमीप्रमाणे पट्टा एक भोक सैल केला, मग आणखी एक केला, आणि पेराशवर चढला. सीट करकरली.

हिरवी सायकल अशी सुटली की खाली सोलांज विणकाम टाकून उभीच राहिली. दंतवैद्याची रेघ ओलांडली, तिच्यापुढे चांगली उंच माणसाइतकी जाऊन सायकल थांबली. सोलांजने रेघ ओढली आणि मग हँडलवर हात ठेवला, वासराच्या मानेवर ठेवतात तसा.

"बघितलंत ना, बाबा," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

रेजिसने आनंदाने टोपी उडवायला हात उचलला आणि विजार घसरू लागली. त्याने पट्टा पकडला. भोकाकडे पाहिलं. मग पोटाकडे पाहिलं. पोटानेही त्याच्याकडे पाहिलं.

गेल्या रविवारी पट्टा आपल्या नेहमीच्या भोकात होता.

सायकली तोलल्या होत्या. शिसं तोललं होतं. टोपीसुद्धा एकदा तोलली होती. जड माणूस उतारावर जास्त लांब जातो, हे शाळेतलं पोरही सांगेल. खुद्द 'म्वायो'ने ते दोनदा छापलं होतं. फक्त स्वार खाटकाच्या काट्यावर कुणी चढवला नव्हता, कारण स्वार तोच होता. स्वार तोच होता, पण पहिल्या फेरीला रिकामा आणि दुसऱ्या फेरीला भरलेला.

कुणाला कळणार होतं? वर्गणीदार जोडाच्या रंगावरून एकमेकांचे गळे धरतील, पण संपादकाचं पोट कुणी मोजायला मागणार नाही. छापखान्याला मजकूर उद्या हवा होता. सोलांजचा हात अजून हँडलवर होता. वडिलांचं नाव राहावं, इतकी वर्षं मिळून तिने एवढं एकच मागितलं होतं, आणि तेसुद्धा तोंडाने नाही.

रेजिसने पट्टा आवळला.

"एक फेरी अजून करतो," तो म्हणाला. "दंतवैद्याची."

"ती झाली सकाळी. चल आता घरी, माझे पाय गारठलेत."

"सकाळी मी वेगळा होतो."

"तू लग्नापासून तोच आहेस. तीच तर तक्रार आहे."

पण तो निघालाच. पेराश ढकलत वर गेला. क्लोतिल्दबाईंना वाटलं साहेब टार्टसाठी आले. नको म्हणता म्हणता ब्लूबेरीच्या टार्टचा मोठा तुकडा खावा लागला. मग दंतवैद्याच्या सायकलीवर बसून तो खाली सुटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणत होता, थांब गं बाई, थांब.

ती थांबली नाही. हिरवीची रेघ ओलांडून हातभर पुढे गेली.

रेजिसने पाय टेकला. सोलांज खडू घेऊन तशीच उभी.

"ओढ," तो म्हणाला.

"हे काय आहे, रेजिस?"

"टार्ट आहे. त्याआधी रापे होती. सोलांज, सायकल कुठलीच पुढे गेली नाही. मी गेलो. आपण पेराश नेहमी जेवणानंतर सोडतो."

ती तिन्ही रेघांवरून एकदा चालत गेली आणि परत आली.

"म्हणजे इतकी वर्षं आपण बाबांची सायकल नाही..."

"क्लोतिल्दचा स्वयंपाक तपासत होतो. फार बारकाईने."

"आणि गेल्या रविवारी, दोन्ही वेळा उपाशी..."

"तेव्हा तुझे बाबा हातभर मागे होते. थोडं वजन घामात गेलेलंही असेल, चढून आलो होतो. पण मागे."

सोलांज खाली वाकली. वाटलं, खडू फेकते की काय. तिने त्याच्या बुटाच्या टोकाशी सरळ रेघ ओढली, एका दमात.

"लहानपणी मी बाबांच्या नळ्यांवर खुणा करायचे," ती वाकलेलीच म्हणाली. "ते म्हणायचे, पोरी, माप जिथे येतं तिथेच रेघ ओढायची. आवडेल तिथे ओढलीस तर नळी आखूड पडते, आणि आखूड पडलेली नळी कुणाच्या प्रेमाने वाढत नाही." ती उठली, हात झटकले. मग एकाएकी तिला हसू फुटलं. "आणि तुला माहितेय, हा उतार ते चालत उतरायचे."

"कोण?"

"बाबा. उताराला भयंकर भ्यायचे. दोन्ही ब्रेक आवळून तिथल्या वळणापर्यंत यायचे आणि मग सायकल हातात धरून खाली. म्हणून तर ब्रेकवर महिना महिना घालवायचे. सायकल किती लांब घरंगळते याच्याशी त्यांचं काय देणंघेणं?"

रेजिस रस्त्याच्या कडेला बसला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस? तू लिहीत होतास."

शंभरीचा अंक उशिरा निघाला. मुखपृष्ठावर हिरवी सायकल होती, पण आत पहिल्याच पानावर रेजिसने स्वतःच्या पोटाचं रेखाचित्र छापलं होतं, जेवणाआधी आणि जेवणानंतर, बाजूने, मापांसकट. फितींच्या नक्षीकाराचा हात, चित्र सुंदर आलं होतं. खाली लिहिलं होतं, "आजवरच्या सगळ्या चाचण्यांत विजयी ठरलेला भाग हा आहे. तो हाताने घडवलेला असून त्याला कारखान्यात तोड नाही." त्यापुढे उपाशी रविवारचा निकाल, जसा होता तसा: लियाँ पुढे, पेराश हातभर मागे. आणि शेवटी, सोलांजच्या नावाने, उताराला भिणाऱ्या माणसावर दोन पानं. आमच्यातल्या पुष्कळांनी ती दोन पानं आधी वाचली, आणि खरं सांगायचं तर सायकलीबद्दल त्यात फारसं नव्हतं.

त्रैमासिक बंद पडेल अशी रेजिसची खात्री होती. पण वेड्यांना वर्गणी थांबवणं कुठून जमणार? पत्रांचा पाऊस पडला. रापे सालासकट किसलेल्या बटाट्याची की सोललेल्या? लोणीत की तेलात? बोलणं टाकलेल्या दोन भावांनी वाइन वजनात धरावी की धरू नये यावर एकमेकांना लिहायला सुरुवात केली. दंतवैद्याने कळवलं की आपली सायकल जिंकल्याने त्याची मोठी पंचाईत झाली आहे, आता नवी कशी घ्यायची? क्लोतिल्दबाईंनी ते पान काचेत बसवून दाराशी लावलं आणि रेजिसने दोन्ही फेऱ्या उपाशीपोटी करायचं ठरवल्याचं कळताच त्याच्याशी बोलणं सोडलं. शेवटी तडजोड अशी झाली की आधी दोन्ही फेऱ्या, मग दोन्ही फेऱ्यांचं जेवण.

परवाच्याच रविवारी ती दोघं तिथून खाली येत होती. या वेळी सोलांज हिरव्या सायकलीवर आणि रेजिस दंतवैद्याच्या, कारण सायकल अजून परत गेलेली नाही. आता पेराशच्या ब्रेकशी तिच्या ब्रेकची तुलना चालू आहे. सोलांज दोन्ही ब्रेक आवळून, शांतपणे, भाजी घेऊन आल्यासारखी उतरत होती. मागून रेजिस आला, दोन फेऱ्यांचं जेवलेला, आणि ओरडतच तिच्या बाजूने पुढे निघून गेला.

"सोलांज! ही थांबत नाही!"

"बाबांना सांग!" ती मागून म्हणाली, आणि वळणापाशी पोचल्यावर सायकलवरून उतरून चालू लागली.